सायकल घरीच दुरुस्त करायची

मला नोकरी लागली तेव्हा घरात कुणालाही आनंद झाला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बेळगावच्या पूर्वेला काळ्या रानात आमचं गाव. घरी जोंधळा, करडई, दोन म्हशी आणि एक बिनकामाचा थोरला भाऊ. मी बेळगावात, टिळकवाडीत मावशीकडं राहून शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं आणि शेजारच्या एका गावातल्या मराठी शाळेत लागले. शेजारचं म्हणायचं एवढंच. चालत गेलं तर निम्मी सकाळ वाटेतच जायची, आणि दिवसातली एकुलती एक बस तिथं पोचायची ती शाळेचा पहिला तास संपल्यावर. म्हणजे सायकल हवीच होती.

सायकल मावशीनं मिळवून दिली. टिळकवाडीतल्या एका वकिलांच्या मुलीची, हिरवी, लेडीज, पुढं वेताची बास्केट. मुलगी लग्न होऊन गेली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. पहिल्या पगारातून मी ती घेतली आणि बसच्या टपावर टाकून गावी आणली. आमच्या गावात बाईमाणसानं सायकल चालवलेली तोवर कुणी बघितली नव्हती. माझी सायकल टपावरून खाली उतरवायला निम्मा गाव जमला होता, हात मात्र एकानंही लावला नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सायकलीभोवती एक चक्कर मारून आले. बाजारात म्हैस बघावी तशी त्यांनी ती बघितली. मग म्हणाले, "शाळंत जा. पर बिघडली तर स्टँडवरल्या सायकलच्या दुकानात न्यायची न्हाय. तिथं टवाळ पोरं बसलेली असत्यात. माझी पोरगी तिथं उभी ऱ्हायलेली मला चालणार न्हाय. घरात, आपल्या हातानं काय ते कर. ज्या दिवशी तुला जमलं न्हाय, त्या दिवशी सायकल अण्णाची."

सायकल गेली की नोकरी गेली. आणि नोकरी गेली की माझ्यासाठी एक स्थळ तयार होतंच. निपाणीकडचा, तंबाखूच्या वखारीतला मुकादम, पहिली बायको वारलेला. तो एकदा येऊन चहा पिऊन गेला होता. बशीत ओतून चहा पिताना तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या मिशीतून चहा गळत होता. मला त्या सायकलीची केवढी गरज होती हे त्या मिशीवरून ओळखावं.

आता अण्णाबद्दल, म्हणजे माझ्या थोरल्या भावाबद्दल. मॅट्रिकला बसायचं आणि उठायचं, एवढंच शिक्षण त्याचं झालं होतं. आप्पांची जुनी सायकल तो एका जत्रेत हरवून आला होता आणि ती कशी हरवली हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण तो मुलगा होता. ज्या दुकानात जायला मला बंदी होती, त्याच दुकानाच्या फळीवर बसून त्याची जवानी चालली होती. त्यामुळं सायकलीची खडान्खडा माहिती त्याला होती. ती त्यानं मला कधी सांगितली नाही. निदान वेळेवर कधीच नाही.

पहिलं पंक्चर झालं ते बाभळीच्या काट्यानं. मी अंगणात सायकल उलटी केली. टायर काढायला चपट्या लोखंडी पट्ट्या लागतात, त्या माझ्याकडं नव्हत्या. मी सरळ चुलीपुढं गेले आणि आईचं भाकरीचं उलथनं घेऊन आले. आईनं विचारलं नाही, हातातलं काम सोडून पुसून दिलं. टायर निघाला. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली, बुडबुडे आले, तिथं घासलं, सोल्युशन लावलं, तुकडा चिकटवला. इथवर सगळं झकास. टायर परत चढवताना मात्र उलथन्याची कड आतल्या ट्यूबला कापत होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. हवा भरली की फुस्स. परत उघडायचं, परत भोक शोधायचं, परत तुकडा लावायचा आणि परत त्याच उलथन्यानं नवीन भोक पाडायचं. दुपारपासून दिवस कलेपर्यंत मी हेच करत बसले होते.

अण्णा कट्ट्यावर दोन दोस्तांबरोबर शेंगा खात बसला होता. टरफलं माझ्या दिशेनं उडवत होता.

"मास्तरणी, भाकरी उलट गं, करपाय लागली बघ."

"ह्या बाजूनं कच्ची हाय अजून," त्याचा एक दोस्त म्हणाला.

अंधार पडायला आला तेव्हा अण्णा उठला, आळस दिला आणि म्हणाला, "टायरची शेवटची कड अंगठ्यानं बसवत्यात. उलथन्यानं न्हवं." आणि जेवताना त्यानं ताट सारलं. भाकरीला रबराचा वास येतोय म्हणाला. आईला ते उलथनं उकिरड्यावर टाकावं लागलं आणि लोहाराकडनं दुसरं येईतोवर ती भाकरी बोटांनी उलटत होती. मला अण्णाचा राग आला होता, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला होता. एवढं शिकून एक टायर बसवता येऊ नये, ह्याची लाज वाटत होती.

पुढं पुढचं चाक डगडगायला लागलं. मी म्हटलं, नट आवळला की झालं. आवळला तर चाक फिरेना, सैल केला तर डगडग. म्हणून मग उघडूनच बघावं म्हटलं. उघडलं आणि आतले छर्रे सांडले, बारीक गोल लोखंडी दाणे, सारवलेल्या अंगणात चारी दिशांना. ते मी वेचायच्या आत आमच्या कोंबड्या धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी दाणे टाकले. मी पदर खोचून कोंबड्यांच्या मागं, कोंबड्या छर्‍यांच्या मागं, आणि अण्णा कट्ट्यावर पोट धरून आडवा झालेला. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, ट्रेनिंगला असलंच शिकिवत्यात काय गं? त्या हसण्यात आईही होती. तिला मी दोष देत नाही, मलाही दुसऱ्या कुणाचं बघून हसू आलं असतं.

छर्रे मोजले तर दोन कमी. अण्णा लगेच गंभीर झाला. आप्पांकडं जाऊन म्हणाला, "चाक फिरणार न्हाय आता. कोंबडी कापायलाच पायजे." कुठली कोंबडी, हेही त्यालाच दिसलं होतं. आईची तांबडी, रोज अंडं देणारी. आई नको नको म्हणत राहिली. तिची दोन अंडी बाजारात जायची आणि त्यातनं तिच्या हातात जे यायचं तेवढंच तिचं स्वतःचं असायचं. अण्णानं कोंबडी कापली, आतडी काढली, पोटातली दाण्यांची पिशवी चिरली आणि खरंच एक छर्रा निघाला. तो धुऊन, पुसून, प्रसाद द्यावा तसा त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. दुसरा सापडलाच नाही. मी आहे तेवढ्या छर्‍यांवर चाक बसवलं. ते छान फिरलं.

"एकदोन कमी असलं तरी फिरतंयच की," अण्णा तंगडी चोखत म्हणाला. हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. आई त्या दिवशी जेवली नाही.

मला वाटतं, ह्या माणसाचा मला खरा तिटकारा आला तो त्या जेवणात. त्याआधी तो नुसताच भाऊ होता.

पण पुढची चूक अगदी माझी एकटीची, त्यात अण्णाचा काही हात नाही. चेन किरकिरत होती. सायकलीचं तेल संपलं होतं, घरात मात्र घाण्यावरून नुकतंच आणलेलं करडईचं तेल होतं, बुधलाभर. तेल ते तेल, असं म्हणून मी चेनला सोडलं, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये तर सढळ हातानं ओतलं. चार दिवस सायकल लोण्यासारखी चालली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की वाळून चिकट होतं, हे शेतकऱ्याच्या मुलीला कळायला नको? आमच्या बुधल्याला बोट लागलं की चिकटून बसायचं, ते मी जन्मापासून बघत होते. पण डोकं जेव्हा चालायला पाहिजे तेव्हा नेमकं चालत नाही.

त्या तेलात रस्त्याची धूळ बसली आणि आत त्याची खळ झाली. एका सकाळी शाळेच्या दारात, चढावर, मी पायडल मारतेय आणि सायकल जागच्या जागी. फ्रीव्हीलमधले चाकाला धरणारे खटके आत चिकटून बसले होते. पायडल पुढं मारलं काय आणि मागं मारलं काय, चाकाला पत्ताच नाही. मी जोरात पाय मारत मारत हळूहळू एका बाजूला कलले आणि साडीसकट गटारात बसले. पोरं प्रार्थनेच्या रांगेत उभी होती. हेडमास्तर खाली आले, सायकलीपाशी वाकले, वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, सायकल फोडणीला घातलीत का?"

पोरं दिवसभर हसत होती. मी एकाला उगाच बदडला. बातमी माझ्याआधी घरी पोचली, आणि संध्याकाळी मी सायकल ढकलत अंगणात आले तेव्हा अण्णानं माझ्यासमोर चेनवर एक कुरडई नेऊन ठेवली. "फुलतीया का बघूया," म्हणाला.

आईनं त्या दिवशी कंदिलातलं रॉकेल मला काढून दिलं, कुणाला न सांगता. खरं म्हणजे आईच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी आप्पांच्या कानावर असायचं, आणि त्यात तिचा वाईट हेतूही नसायचा. पण ते रॉकेल तिनं लपवलं. अंधारात बसून जेवलो आम्ही. मी फ्रीव्हील रॉकेलमध्ये भिजत घातलं, सगळा चिकटा धुऊन काढला आणि सायकल परत चालती केली. कुणी वाहवा केली नाही.

मग पायडल. डाव्या बाजूचं पायडल सैल होऊन कटकट वाजत होतं. मी आवळायला घेतलं. आवळते तर ते अजून सैल. शेवटी हातात आलं. परत बसवायला लागले तर आटे धरेनात. अण्णा कट्ट्यावरून उठला. मला वाटलं, आज ह्याला दया आली. आत गेला आणि आप्पांचा मोठा पान्हा घेऊन आला.

"घे. जोर कमी पडतोय तुझा. दाब."

मी दाबलं. कर्रर्र आवाज झाला, पायडल आत गेलं, घट्ट बसलं. मी त्याच्याकडं बघून हसलेसुद्धा. त्याचं मला अजून वाईट वाटतं, त्या हसण्याचं.

दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात, दुधाच्या किटल्या घेऊन उभ्या असलेल्या गवळ्यांसमोर पायडल माझ्या पायाखालून निसटून पडलं. मी आपटले, गुडघा फुटला. पायडल बास्केटमध्ये टाकून, लंगडत, सायकल ढकलत शाळेत गेले. संध्याकाळी अण्णानं सगळ्यांदेखत शिकवणी घेतली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उलटं फिरवून आवळायचं असतं. सरळ फिरवून जोर लावला की आटे कापले जातात. "सगळ्या दुनियेला ठावं हाय. बाईंच्या बुकात नसंल."

मी आप्पांकडं बघितलं. अण्णा मला पान्हा आणून देत होता, ते त्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, "आता एवढं झालं. परत काय चुकलं तर सायकल द्यायची. बोलणं न्हाय, रडणं न्हाय."

पायडल जिच्यात बसतं ती, आटे कापलेली दांडी मी काढून पिशवीत घातली आणि रविवारी मावशीकडं घेऊन गेले. तिनं टिळकवाडीतल्या एका दुकानातून बदलून आणवली. बंदी स्टँडवरच्या दुकानाला होती, अशी मी माझी समजूत घातली. येताना ब्रेकची नवीन रबरंही घेऊन आले, कारण जुनी झिजली होती आणि दसरा जवळ आला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खंडेनवमी असते, हत्यारांची पूजा. नांगराचा फाळ, कुळव, विळे, खुरपी, कोयते, सगळं घासूनपुसून सोप्यात घोंगडीवर मांडायचं. गंध, झेंडू, नारळ. मांडलं की त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी घरातला एकेक पुरुष आपलं हत्यार उचलतो आणि गावाच्या शिवेपलीकडं नेऊन आणतो. आमच्या घरची रीत अशी, की मांडणीतनं ज्यानं जे उचललं ते वर्षभर त्याचं. बायका फक्त हळदकुंकू लावायच्या. उचलायचं नाही.

पूजेच्या आधी आप्पा म्हणाले, "सायकलपण मांडा. अण्णा उचलंल."

मी म्हणाले, "माझी हाय ती. मीच उचलणार."

"बाया उचलत न्हाईत."

"मग सुट्टी संपल्यावर मी शाळंला कशी जाऊ?"

"बघूया," आप्पा म्हणाले. त्यांच्या बघूयाचा अर्थ मला माहीत होता. दिवाळीच्या सुमाराला निपाणीकडनं माणसं येणार होती.

अण्णाचंही तेव्हा जुळत आलं होतं. तासाभराच्या वाटेवरच्या एका गावातली मुलगी. बोलणी झाली होती, सुपारी फुटायची बाकी होती. दसऱ्याला सोनं द्यायला तो तिकडं जाणार होता आणि त्याला सायकलीवरनं जायचं होतं. माझ्या.

मी भांडले नाही. मी एक वेगळाच विचार केला, आणि आता त्या विचाराचं हसू येतं. मला वाटलं, सायकल मी इतकी नीट करीन, इतकी लखलखीत, की आप्पांना दिसेल ही कुणाच्या हातातली वस्तू आहे. मग ते म्हणतील, राहू दे, तिची तिला. म्हणून खंडेनवमीच्या पहाटेपासून मी अंगणात बसले. तारा राखेनं घासल्या. चेन रॉकेलमध्ये धुतली, खरं सायकलीचं तेल घातलं. पायडल उलट्या आट्यानं आवळलं. आणि पुढच्या, मागच्या, दोन्ही ब्रेकची रबरं बदलली. रबर ज्या पत्र्याच्या घरात बसतं ती घरं काढली, जुनी रबरं ढकलून नवी बसवली, घरं परत लावली. दुपारी आप्पा येऊन बघून गेले, चाक फिरवून बघितलं, म्हणाले, "बरी केलीस."

दोन शब्द. मी त्या दोन शब्दांवर दिवसभर तरंगत होते. सायकल मांडणीत गेली, मीच तिच्या हँडलला झेंडूची माळ घातली.

दसऱ्याला सकाळी आप्पांनी विळा उचलला. अण्णानं सायकल उचलली. त्यानं पांढरा सदरा घातला होता, केसांना तेल चोपडलं होतं, आणि माझ्या बास्केटमध्ये आपट्याच्या पानांची पेंडी होती. दारातून बाहेर पडताना त्यानं घंटी वाजवली. माझ्यासाठी वाजवली, हे मला कळलं.

दुपारी तो बैलगाडीतून परत आला. गाडीत कडब्यावर आडवा, तोंडाला टॉवेल, टॉवेल लाल झालेला. शेजारी माझी सायकल, पुढचं चाक वाकडं. गाडीवान त्या मुलीच्या गावचा होता. त्यानं आमच्या अंगणात तंबाखू मळत मळत जे सांगितलं ते तो त्याच्या गावात आणि आमच्या गावात पुढं वर्षभर सांगत राहिला.

त्यांच्या गावात शिरताना ओढ्याकडं मोठा उतार आहे. उताराच्या तोंडाशी पार आहे आणि पारावर सोनं वाटायला सगळा गाव जमला होता, मुलीचं घरदारही. अण्णा उतारावरून ऐटीत आला. सगळ्यांच्या समोर कर्रकन थांबायचं, हा त्याचा बेत असावा. तोवरची वाट सगळी सपाट, ब्रेक लागलेच नव्हते; आता त्यानं ते दाबले. गाडीवान म्हणाला, "काय तरी काळं काळं उडालं बघा, चिंचुके उडाल्यासारखं. आणि पाव्हणं काय थांबंनात." अण्णा पारापुढून तसाच गेला, माणसं ओरडतायत, हा पाय घासतोय. ओढ्याच्या अलीकडं उकिरडा होता. चाक त्याच्या कडेच्या दगडावर आदळलं आणि अण्णा उकिरड्यात. पुढचे दोन दात दगडावर राहिले. पोरंसोरं हसली, बायका हसल्या आणि ती मुलगीही हसली. अण्णानं शेणातून उठून, रक्त थुंकत, तिला जी शिवी घातली ती गाडीवानानं आमच्यासमोर उच्चारली नाही. मुलीचा बाप म्हणाला म्हणे, पाव्हण्यांना गाडीत घाला आणि पोचवून या. सुपारीचं आता काय बोलू नका.

मी सायकलीपाशी गेले. पत्र्याची घरं रिकामी होती, चारही. एका नजरेत कळलं. त्या घराची एक बाजू बंद असते आणि एक उघडी. बंद बाजू चाक ज्या दिशेला पळतं तिकडं हवी, म्हणजे ब्रेक दाबला की रबर तिथं अडतं. मी डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं लावलं होतं. उघड्या बाजू पुढं. ब्रेक दाबला की चाकानंच रबर बाहेर ढकललं. पुढचं तसंच, मागचंही तसंच. मी दिवसभर बसून, मन लावून, ही चूक करून ठेवली होती.

आणि खरं सांगते, मला अण्णाची दया आली नाही. मला आधी आठवलं ते आप्पांचं बोलणं. परत काय चुकलं तर सायकल द्यायची.

रबरांचं अण्णालाही कळलं होतं. दात नसलेल्या तोंडानं तो बोलायला लागला. "उलटी लावलीया रबरं. बगा आप्पा. हिला आक्कल न्हाय. पंक्चर जमंना, पायडल जमंना, रबर जमंना. हिच्या हातात..."

आप्पा माझ्याकडं वळले. "व्हय गं? चुकलं?"

व्हय म्हटलं की संपलं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणाले, "चुकलं न्हाय. मुद्दामच लावलीया मी तशी."

गाडीवानाचा तंबाखू हातातच राहिला.

"मुद्दाम?"

"व्हय. ह्यो उचलणार ठावं होतं मला. म्हणून लावली."

आप्पांनी पायातली चप्पल काढली. गाडीवानासमोर, शेजाऱ्यांसमोर, मला न मोजता मारलं. मी हात आडवा घेतला नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं, सायकलीचं काही बोलले का अजून, सायकलीचं काही बोलले का. ते दमून थांबले आणि अण्णाला म्हणाले, "सायकल तुझी." तेव्हा अण्णा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होता. कट्ट्यावरून बघायचा तसं नव्हे.

"मला नगो," तो म्हणाला. "तिच्यावर मी बसणार न्हाय. ही मारंल मला."

झालं. आप्पांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. चाक मी टिळकवाडीहून सरळ करून आणलं, रबरं बरोबर बाजूनं लावली आणि सुट्टी संपल्यावर शाळेला गेले. निपाणीच्या माणसांना कुणी बोलावलं नाही. भावाचे दात पाडणारी मुलगी कुणाच्या गळ्यात मारणार? ऐंशीच्या पुढं बदली होऊन खानापूरला जाईपर्यंत ती सायकल मी चालवली. घरातलं कुणी तिला बोटसुद्धा लावत नव्हतं, धुणं वाळत घालायला आडवी येत असली तरी मला हाक मारायचे. कट्ट्यावरच्या शेंगा बंद झाल्या. मला ते आवडत होतं. हातून कधी नीट पंक्चर निघालं नव्हतं आणि गाव मला सायकलीतली पोचलेली बाई समजत होता.

पण दसऱ्यानंतरच्या त्याच आठवड्यातली एक सकाळ सांगायची राहिली. अण्णाला चावता येत नव्हतं, म्हणून आई त्याच्यासाठी तांदळाची पेज करायची. त्या दिवशी ती म्हशीची धार काढायला बसली होती. मी पेज उतरवली, मीठ घातलं, वाटीत ओतली आणि सोप्याकडं निघाले. आई तेवढ्यात आत आली. तिनं वाटी माझ्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, नुसती काढून घेतली. मला वाटलं, आता विचारील. खरंच मुद्दाम केलंस का गं, एवढंच तिनं विचारायचं होतं. तिच्या पोटात राहणार नाही, आप्पांना कळेल, सायकल जाईल, हे सगळं मला ठाऊक होतं, तरीही मी तिला खरं सांगणार होते. तिला तरी.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. वाटी नाकाशी नेली. मग पेजेचा एक घोट स्वतः घेतला, तोंडात धरला, गिळला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. काही होत नाही असं बघून ती वाटी घेऊन अण्णाकडं गेली.